स्टिरॉइड चालू असताना ईएसआर-सीआरपी वाढले, तर डोस वाढवायचा का?

मुलुंडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. आईचं वय ७१. महाशिवरात्रीच्या सुमारास दोन्ही खांदे आणि मांड्या इतक्या आखडल्या की सकाळी पलंगावरून उठवायला माणूस लागायचा. पॉलिमायाल्जिया ऱ्हुमॅटिका, म्हणजे पीएमआर, खांदे-मांड्या आखडवणारा दाहाचा आजार, असं निदान झालं. तेव्हा ईएसआर ८८ आणि सीआरपी ६.२ होता, या दोन्ही अंगातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड १५ मिलिग्रॅम सुरू केल्यावर तीन-चार दिवसांत आई स्वतः उठून चहा करायला लागल्या. डोस हळूहळू उतरवत आता ७.५ वर आणलाय. मे महिन्यात ईएसआर ४१ आणि सीआरपी ०.६ होता. गणपती झाल्यावर घरी येऊन रक्त नेणाऱ्या दुसऱ्या लॅबचं पॅकेज केलं, त्यात ईएसआर ५२, सीआरपी ९ आणि हिमोग्लोबिन ९.७ आलं. फेब्रुवारीत हिमोग्लोबिन ११.१ होतं. आईंना खांद्याचं-मांड्यांचं दुखणं नाही. फॅमिली डॉक्टर म्हणतात सीआरपी पंधरापट झालाय, पुन्हा १५ वर जा. मावशी म्हणते शुगर वाढतेय, स्टिरॉइड बंदच कर. नेमकं कोणाचं ऐकायचं?

ताई, डोस या रिपोर्टवरून १५ वर नेऊ नका, आणि गोळी बंद तर अजिबात करू नका. आईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांना समोर बसवून बघणाऱ्या डॉक्टरांचाच. पण तुम्ही पाठवलेल्या कागदांत बरंच काही दिसतंय, आणि त्यात काळजीची गोष्ट आहे ती सीआरपीची नाही.

आधी तो पंधरापटीचा हिशेब. आकड्याच्या शेजारी बारीक अक्षरांत छापलेलं बघा. फेब्रुवारी आणि मेचे रिपोर्ट तुमच्या घराजवळच्या लॅबचे आहेत. तिथे सीआरपी मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये दिलाय आणि नॉर्मल ०.५ च्या खाली लिहिलंय. पॅकेजवाल्या लॅबने तो मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये दिलाय, नॉर्मल ५ च्या खाली. एका लिटरमध्ये दहा डेसिलिटर. म्हणजे मेमधला ०.६ हा नव्या लॅबच्या मापात ६ होतो, आणि फेब्रुवारीतला ६.२ म्हणजे ६२. आईंचा सीआरपी ६२ वरून ६ वर आला आणि आता ९ झाला, एवढंच घडलंय. ६ आणि ९ मधला फरक साध्या पडशाने, हिरडी सुजल्याने, गुडघ्याच्या झिजेने, नुसत्या वाढलेल्या वजनानेही पडतो. दोन वेगळ्या लॅबच्या यंत्रांमध्येही थोडा फरक असतोच.

ही एककांची गफलत मी सतत बघतो, आणि तिच्यापायी लोकांचे डोस दुप्पट झालेले बघतो, म्हणून इतकं सांगतोय. यापुढे ईएसआर-सीआरपी एकाच लॅबमध्ये करा. आणखी एक लक्षात ठेवा. पॅकेजमध्ये बऱ्याचदा साध्या सीआरपीऐवजी हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी असतो. तो हृदयविकाराचा धोका जोखण्यासाठी असतो, आणि त्याच्या रिपोर्टवर ३ च्या वर गेलं की ‘हाय रिस्क’ असं लाल अक्षरांत छापून येतं. ज्याला मुळात पीएमआरसारखा दाहाचा आजार आहे, त्याच्यासाठी ती वर्गवारी नाहीच. ते लाल अक्षर बघून रात्रीची झोप घालवू नका.

आता ईएसआर. उभ्या नळीत रक्त ठेवून तासाभरात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या, एवढंच यात मोजतात. पेशी स्वतःहून लवकर बसत नाहीत, रक्तातली फायब्रिनोजेनसारखी प्रथिनं वाढली की त्या एकमेकींना चिकटून चळती करतात आणि जड होऊन लवकर खाली जातात. म्हणजे ईएसआर दाह थेट मोजत नाही, दाहामुळे बदललेलं रक्त मोजतो. म्हणूनच तो दाहाखेरीज दहा गोष्टींनी हलतो. वय वाढलं की वाढतो, बायकांमध्ये जास्त असतो, हिमोग्लोबिन कमी असलं की वाढतो, मूत्रपिंडाच्या आजारात वाढतो. वयाचा ढोबळ हिशेब असा: पुरुषाच्या वयाचं निम्मं, आणि बाईच्या वयात १० मिळवून त्याचं निम्मं. तुमच्या आईंसाठी ही मर्यादा चाळीसच्या आसपास येते. लॅबने शेजारी ‘०ते ३०’ छापलंय ते सरसकट सगळ्या बायकांसाठी. म्हणजे मेमधला ४१ त्यांच्या वयाला जवळपास नॉर्मलच होता, आणि आजच्या ५२ मधला काही भाग त्या ९.७ हिमोग्लोबिनचा आहे.

उलट बाजूही आहे. रक्त काढल्यावर नळी फार वेळ पडून राहिली तर ईएसआर खोटा कमी येतो. बाहेरच्या तापमानात चार तासांच्या आत तपासणी व्हायला हवी. सकाळी सातला मुलुंडला रक्त घेतलं, पोरगा आणखी आठ-दहा घरं करत फिरला, मग ती बॅग ट्रॅफिकमधून मुख्य लॅबमध्ये दुपारी पोचली, असं झालं तर त्या आकड्यावर मी भरवसा ठेवत नाही. जमलं तर आईंना रिक्षाने लॅबपर्यंत न्या. उपाशीपोटी जायची गरज नाही, नाश्ता करून, सकाळची गोळी घेऊन गेलात तरी चालतं.

सीआरपी यकृतात तयार होतो आणि त्याची चाल वेगळी आहे. दाह पेटला की पाच-सहा तासांत वाढायला लागतो, दोन दिवसांत शिखर गाठतो, आणि कारण संपलं की साधारण १९ तासांत निम्मा होतो. ईएसआर मात्र रेंगाळतो, कारण ती चिकट प्रथिनं रक्तातून जायला दिवस-आठवडे घेतात. पाऊस थांबल्यावर दादरच्या हिंदमाता चौकात तुंबलेलं पाणी उतरायला वेळ लागतो तसं. पाणी दिसतंय म्हणून अजून पाऊस पडतोय असं कोणी म्हणत नाही. स्टिरॉइड सुरू केल्यावर पहिल्या महिन्यात सीआरपी खाली आणि ईएसआर अजून वर, असा रिपोर्ट आला तर मी सीआरपीला जास्त वजन देतो.

या दोन्ही तपासण्या स्टिरॉइडपेक्षा जुन्या आहेत. ईएसआरची नळी स्वीडिश डॉक्टर वेस्टरग्रेन यांनी १९२१ मध्ये रूढ केली, सीआरपी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडला, आणि कॉर्टिझोन हे स्टिरॉइड संधिवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा दिलं गेलं १९४८ मध्ये. स्टिरॉइडचा डोस ठरवण्यासाठी या तपासण्या कोणी शोधल्या नव्हत्या. आपण त्या तिथे वापरतो आणि वापरायलाच हव्यात, पण त्यांच्याकडून किती अपेक्षा ठेवायची हे कळलं पाहिजे.

कारण गोळी चालू असताना या आकड्यांचा अर्थच बदलतो. दाहाच्या जागेवरून इंटरल्यूकिन-६ नावाचा निरोप यकृताला जातो आणि यकृत सीआरपी बनवतं. प्रेडनिसोलोन तो निरोपच दाबतं. म्हणून १५ मिलिग्रॅमवर असताना सीआरपी नॉर्मल आला, तर त्याचा अर्थ ‘या डोसवर आजार दबलेला आहे’ एवढाच. आजार गेला असा त्याचा अर्थ होत नाही. तो नॉर्मल रिपोर्ट हातात घेऊन स्वतःच गोळी सोडणारे रुग्ण दोन-तीन आठवड्यांत पुन्हा पलंगाला खिळून परत येतात. पीएमआर बहुतेकांना वर्ष-दोन वर्षं, काहींना त्याहून जास्त गोळीवर ठेवतो, आणि तो मुदत संपवून जातोय की नाही हे डोस उतरवतानाच कळतं.

मग डोस कशावर ठरवायचा? सकाळवर. पीएमआरचा खरा रिपोर्ट सकाळी उठल्यापासून पहिल्या तासात असतो. मी रुग्णाला ‘कसं वाटतंय’ असं कधीच विचारत नाही, कारण आपल्याकडच्या आया ‘बरंय’ म्हणतात. मी विचारतो, जाग आल्यापासून अंग मोकळं व्हायला किती वेळ लागला? रात्री कुशीवर वळताना जाग येते का? कमोडवरून किंवा खुर्चीवरून उठताना हातांनी रेटा द्यावा लागतो का? बाल्कनीतल्या दोरीवर कपडे टाकता येतात का? ताठरपणा पाऊण तासाच्या वर जायला लागला, तर माझे कान टवकारतात.

आणि एक गोष्ट बघतो. दारातून आत आलेल्या एका निवृत्त शिक्षिकाबाई हसून म्हणाल्या, मस्त आहे डॉक्टर, रिपोर्टही नॉर्मल आहे. मी त्यांना म्हटलं, अंबाडा सोडून पुन्हा बांधून दाखवा. हात कानाच्या उंचीपर्यंत गेले आणि तिथे थांबले. मग त्यांनी मान खाली घातली, हनुवटी छातीला टेकवली आणि डोकं हातांपाशी आणलं. त्यांना स्वतःलाही कळलं नव्हतं की गेले काही आठवडे त्या असंच करत होत्या. सीआरपी ४ होता, नॉर्मल. आजार परत आलेला होता. थोड्या रुग्णांमध्ये असं होतं, पीएमआर डोकं वर काढतो आणि रक्तात काही दिसत नाही. आईंना आज घरी असं करायला सांगा. तुम्ही समोर बसून बघा, विचारू नका.

तुम्ही लिहिलंय की आईंना दुखत नाही. सकाळचा ताठरपणाही नसेल, हात सरळ वर जात असतील, खुर्चीतून रेटा न देता उठत असतील, तर ९ चा सीआरपी आणि ५२ चा ईएसआर यांच्यामुळे डोस वाढवायचं कारण मला दिसत नाही. २०१५ मध्ये युरोप आणि अमेरिकेच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून पीएमआरच्या उपचाराच्या शिफारशी दिल्या, त्यांतही उपचार लक्षणं आणि आकडे दोन्ही मिळून ठरवायचे आहेत. सुरुवात १२.५ ते २५ मिलिग्रॅमने, चार ते आठ आठवड्यांत १० वर, त्यानंतर साधारण महिन्याला १ मिलिग्रॅम कमी. आपल्याकडे १ मिलिग्रॅमची गोळी सहज मिळत नाही, म्हणून बरेच डॉक्टर २.५ ची गोळी वापरून एक दिवस ७.५ आणि एक दिवस ५ असं उतरवतात. आणि समजा आजार खरंच उलटला, तरी त्या शिफारशीत पुन्हा पहिल्या डोसवर जा असं नाही. ज्या डोसवर शेवटचं बरं होतं तिथपर्यंत मागे जायचं, आणि चार ते आठ आठवड्यांत पुन्हा खाली यायचं. आईंच्या बाबतीत तो डोस १० असेल, १५ नव्हे. वारंवार उलटत असेल, तर आठवड्यातून एकदा घ्यायच्या मेथोट्रेक्सेट या संधिवाताच्या औषधाचा विचार होतो.

७.५ आणि १५ मधला फरक शुगर असलेल्या ७१ वर्षांच्या बाईला लहान नसतो. हाडं, डोळ्यांतला मोतीबिंदू, काचबिंदू, रक्तदाब, रात्रीची झोप, सगळीकडे किंमत मोजावी लागते. आकड्याला घाबरून घेतलेला प्रत्येक जादा मिलिग्रॅम महिनोन्‌महिने परत करत बसावा लागतो.

आता मूळ काळजीची गोष्ट. फेब्रुवारीत आजार ऐन भरात होता तेव्हा हिमोग्लोबिन ११.१ होतं. दीर्घ दाहात हिमोग्लोबिन थोडं कमी असतं, आणि दाह आटोक्यात आला की ते आपोआप वर जायला हवं. आईंचं खाली गेलंय. म्हणजे दुसरं काहीतरी आहे. तुमच्या औषधांच्या यादीत खाली, ‘गुडघ्यासाठी गरज पडली तर’ असं लिहून डायक्लोफेनॅक आहे. प्रेडनिसोलोनसोबत ही वेदनाशामकं घेतली की पोटात अल्सर होऊन थोडं थोडं रक्त जाण्याचा धोका खूप वाढतो, आणि स्टिरॉइडमुळे पोट दुखतही नाही, आतल्या आत चालू राहतं. ‘गरज पडली तर’ म्हणजे आठवड्यात किती, हे आईंना विचारा. शौच डांबरासारखं काळं होतंय का, विचारा. लोहाच्या गोळीनेही ते काळं होतं, ती चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. डायक्लोफेनॅक आजच थांबवा, गुडघ्याला पॅरासिटामॉल चालेल. काळं शौच असेल, चक्कर येत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता कॅज्युअल्टीत जा. नसेल तरी या आठवड्यात सीबीसी पुन्हा, सोबत फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि शौचातलं रक्त तपासून घ्या. फेरिटिनबद्दल एक सावधगिरी अशी की दाहात तो स्वतःच वाढतो, त्यामुळे नॉर्मल फेरिटिन दिसला म्हणून लोह पुरेसं आहे असं लगेच समजू नये.

याच रक्तात मी आणखी एक तपासणी करायला सांगेन, सिरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे रक्तातली प्रथिनं वेगवेगळी करून बघणं. ईएसआर चढा, सीआरपी त्या मानाने शांत आणि हिमोग्लोबिन घसरतंय, असं चित्र या वयात दिसलं की मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेतला कर्करोग, नाही ना हे एकदा बघून घ्यावं. बहुतेक वेळा निघत नाही. पण पीएमआरचं नाव लागलं की पुढचा प्रत्येक वाढलेला ईएसआर पीएमआरच्या खात्यात टाकला जातो, आणि तिथेच खरी कारणं निसटतात.

आकडा खरंच वाढला, म्हणजे सीआरपी एकाच लॅबमध्ये ६ वरून ३०-४० वर गेला आणि सकाळ मात्र मोकळी आहे, तेव्हा मी आधी जंतुसंसर्ग शोधतो. स्टिरॉइडवर ताप दबतो, थंडी वाजत नाही, म्हातारं माणूस नुसतं मलूल होतं. लघवीचा संसर्ग, दाताचं गळू, छाती, पायाची जखम हे आधी बघायचं. स्टिरॉइडवरच्या रुग्णाचा सीआरपी शंभरच्या पुढे गेला तर तो पीएमआर आहे असं सिद्ध होईपर्यंत मी संसर्गच धरून चालतो. आणि यात पांढऱ्या पेशींवर विसंबू नका. प्रेडनिसोलोनमुळे त्या तशाही वाढलेल्या असतात, त्यामुळे ‘डब्ल्यूबीसी १३ हजार, म्हणजे इन्फेक्शन’ म्हणून अँटिबायोटिकचा कोर्स सुरू करणंही चूक. पावसाळ्यात मुंबईत लेप्टो, डेंगी, मलेरिया यांचाही विचार लागतो. चिकनगुनियानंतर तर सांधे सकाळी इतके आखडतात की जुना पीएमआर उलटला असंच वाटतं.

आणि क्षयरोग. लालबागचे एक गिरणीतून निवृत्त झालेले गृहस्थ पीएमआरवर छान चालले होते. सीआरपी वाढत गेला, खांदे मोकळे. बाहेरून डोस दोनदा वाढवून झाला होता, आकडा थोडा खाली येऊन पुन्हा वर. त्यांच्या सुनेने सहज सांगितलं की बाबांचे शर्ट सैल झालेत आणि संध्याकाळी अंग कोमट लागतं. एक्स-रेमध्ये वरच्या भागात डाग होता, थुंकीत क्षयाचे जंतू सापडले. आपल्या देशात स्टिरॉइडवर असलेल्या माणसाचा सीआरपी कारणाशिवाय चढत असेल, तर वजन आणि संध्याकाळचा ताप विचारल्याशिवाय डोसला हात लावायचा नाही. क्षयाचं औषध सुरू झाल्यावर त्यांचे खांदे पुन्हा धरले, तेही समजून घेण्यासारखं आहे. क्षयाच्या औषधांतल्या रिफॅम्पिसिनमुळे यकृत प्रेडनिसोलोन फार लवकर संपवतं, म्हणजे तीच गोळी अंगाला निम्मीच लागते. अशा वेळी डोस वाढवावा लागतो, आणि रिफॅम्पिसिन संपल्यावर आठवणीने कमीही करावा लागतो.

तुम्ही लिहिलं नाहीत पण रिपोर्टच्या तारखेवरून विचारतो, गणपतीच्या गर्दीत आईंना सर्दी-खोकला झाला होता का? फ्लूची लस त्याच आठवड्यात दिली होती का? लसीनंतरही सीआरपी काही दिवस थोडा वर राहतो. म्हणून असं काही झालं असेल तर दोन आठवडे जाऊ द्यावेत आणि मगच ईएसआर-सीआरपीसाठी रक्त द्यावं.

औषधांच्या नावांचीही एकदा पडताळणी करा. वायसोलोन आणि ओम्नाकॉर्टिल ही दोन्ही प्रेडनिसोलोनचीच नावं, मिलिग्रॅमला मिलिग्रॅम. पण मेडिकलवाल्याने किंवा दुसऱ्या डॉक्टरांनी बदलून डिफ्लाझाकोर्ट दिलं असेल तर त्याचे ६ म्हणजे प्रेडनिसोलोनचे ५, आणि मिथाइलप्रेडनिसोलोनचे ४ म्हणजे ५. नावाची अदलाबदल करताना आकडा तसाच ठेवला की डोस नकळत बदलतो, आणि पुढच्या रिपोर्टचा अर्थ लागत नाही. कोणी सांधेदुखीच्या पुड्या देत असेल, ‘पूर्ण आयुर्वेदिक’ म्हणून, तर त्या घेऊन डॉक्टरांकडे या. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं निघालंय, आणि मग सीआरपी सुंदर दिसतो पण कशामुळे ते कोणालाच कळत नाही.

मावशींच्या सल्ल्याबद्दल. त्यांची काळजी खरी आहे, शुगर वाढते हेही खरं. पण इतके महिने बाहेरून स्टिरॉइड मिळाल्यावर मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, बनवणं जवळपास थांबवतात. गोळी एकदम थांबवली तर रक्तदाब कोसळू शकतो, उलट्या, प्रचंड थकवा, शुद्ध हरपण्यापर्यंत वेळ येते. शुगरसाठी शुगरचं औषध वाढवायचं, गोळी सोडायची नाही. प्रेडनिसोलोन सकाळी घेतलं की शुगर दुपारी-संध्याकाळी चढते, म्हणून फक्त उपाशीपोटीची शुगर बघून फसू नका, दुपारच्या जेवणानंतर दोन तासांची बघा. आईंना उलट्या-जुलाब होऊन गोळी पोटात राहत नसेल, ताप आला असेल किंवा ऑपरेशन ठरलं असेल, तर तेव्हा स्टिरॉइड उलट वाढवावं लागतं, शिरेतून द्यावं लागतं. पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: प्रेडनिसोलोन चालू आहे, कधीपासून, किती.

पुढे ५ च्या खाली उतरताना कदाचित आईंना अंग दुखतंय, गळून गेल्यासारखं वाटतंय, भूक नाही, असं होईल. तेव्हाही सगळे म्हणतील आजार उलटला. तिथे सीआरपी खरोखर उपयोगी पडतो. खांद्या-मांड्यांचा नेमका ताठरपणा नसून सगळं अंगच मोडून आलंय आणि सीआरपी शांत आहे, तर तो बहुतेकदा ग्रंथी अजून जाग्या झाल्या नसल्याचा त्रास असतो. तेव्हा सकाळी आठ वाजता, त्या दिवशीची गोळी घेण्याआधी, आधीच्या गोळीला २४ तास उलटल्यावर कॉर्टिसॉल तपासतात. गोळी घेऊन गेलात तर प्रेडनिसोलोनच कॉर्टिसॉल म्हणून मोजलं जाऊ शकतं आणि रिपोर्ट खोटा दिलासा देतो.

आणि काही त्रासांसाठी कुठल्याही रिपोर्टची वाट बघायची नाही. पीएमआरसोबत काही जणांना डोक्याच्या रक्तवाहिन्यांचा दाह होतो, जायंट सेल आर्टरायटिस. आपल्याकडे तो कमी दिसतो, म्हणूनच चटकन लक्षात येत नाही. कानशिलात नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, केस विंचरताना टाळू दुखणं, भाकरी किंवा शेंगदाणे चावताना जबडा भरून येऊन मध्येच थांबावं लागणं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नजर क्षणभर जाणं किंवा दोन-दोन दिसणं. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी, रविवार असला तरी, कॅज्युअल्टी. केईएम, सायन, कुठलंही मोठं रुग्णालय चालेल, फक्त ‘पीएमआर आहे आणि नजर गेली’ असं पहिल्या वाक्यात सांगा. ७.५ मिलिग्रॅम त्यापासून वाचवत नाही. आणि गोळी चालू असल्यामुळे ईएसआर-सीआरपी नॉर्मल येऊ शकतात, तो नॉर्मल रिपोर्ट धरून घरी परतू नका. तिथे ४० ते ६० मिलिग्रॅमचा डोस लगेच सुरू करायचा असतो, तासांचा प्रश्न असतो, गेलेली नजर सहसा परत येत नाही.

हे पुढे कधी लागलं तर म्हणून सांगतो: इंटरल्यूकिन-६ अडवणारी इंजेक्शनं, टॉसिलिझुमॅब किंवा सॅरिलुमॅब, सुरू झाली तर सीआरपी आजारासाठी जवळपास निरुपयोगी होतो. सॅरिलुमॅबला अमेरिकेत २०२३ मध्ये पीएमआरसाठी मान्यता मिळाली. ही औषधं यकृताला सीआरपी बनवूच देत नाहीत, म्हणून न्यूमोनिया असतानाही आकडा शून्याजवळ राहू शकतो.

तर ताई, या आठवड्यात एवढं करा. डोस ७.५ वरच ठेवा, डायक्लोफेनॅक बंद. हिमोग्लोबिनच्या तपासण्या लगेच. ईएसआर-सीआरपी मात्र दोन-तीन आठवड्यांनी, घराजवळच्या जुन्या लॅबमध्ये. तोवर एका वहीत रोज सकाळी एकच ओळ लिहा: किती वाजता जाग आली, किती वाजता अंग मोकळं झालं. पहिल्या वर्षात डॉक्टरांना दर चार ते आठ आठवड्यांनी भेटायचं असतं, दुसऱ्या वर्षात आठ ते बारा आठवड्यांनी चालतं. प्रत्येक भेटीला ती वही, तिन्ही रिपोर्टचे मूळ कागद आणि गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप्स सोबत न्या. आकड्यांची नुसती यादी मोबाइलवर टाइप करून नेऊ नका, त्यात एकक लिहायचं राहून जातं.